आजाचा उतारा

आखाजीच्या आठवड्यात अमळनेरजवळच्या एका गावी गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे भांडण येणार आहे त्यातल्या दोन्ही बाजूंची माणसं मला अजून जेवायला बोलावतात. शेतं रिकामी, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या, आणि ऊन असं की सकाळी नऊलाच मैदानावरची चुन्याची रेघ डोळ्यांत टोचावी. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले आणि सुरतेहून, उधना-लिंबायतहून, गाड्या भरभरून पोरं गावी उतरलेली. अशा दिवसांत टेनिस बॉलची टूर्नामेंट होणारच. फ्लेक्सवर बक्षिसांचे आकडे, ती देणाऱ्यांचे हात जोडलेले फोटो आणि तळाशी लाल अक्षरांत : ‘एक गाव एक संघ. आधार कार्ड सक्तीचे. पंचांचा निर्णय अंतिम.’

पंचांचा निर्णय अंतिम असता तर मला लिहायला काही उरलं नसतं.

सेमीफायनलला यजमान गावाकडून एक विशीतला पोरगा उतरला. काटक, हातात स्टीलचं कडं. सुरतेत भरतकामाच्या मशिनवर काम करतो म्हणे. त्याने आल्या आल्या दोन चेंडू गोठ्याच्या पत्र्यावर आदळले. दुसऱ्या चेंडूने एक म्हैस उठून उभी राहिली आणि पाहुण्या संघाचा कॅप्टनही. याचं आधार दाखवा. आधार निघालं. पत्ता लिंबायत, सुरत. झालं! खेळ थांबला. एक म्हणाला, हा गुजरातचा. दुसरा म्हणाला, मग काल तुमच्याकडून जावई कसा खेळला? जावई म्हणजे गावचाच. गावचा कसा, त्याचं आधार पारोळ्याचं. पंच म्हणजे एक निवृत्त मास्तर. त्यांनी टोपी काढून वारा घ्यायला सुरुवात केली, म्हणजे निर्णय लांबला. तेवढ्यात निंबाखालून एक म्हातारा ओरडला, “याना आजाना उतारा आठे शे. आनखी काय पाह्यजे?”

कुणीतरी मोबाइलवर सातबारा काढला. वारस नोंद अजून झालेली नव्हती, त्यामुळे आजाचंच नाव शाबूत होतं. मास्तरांनी स्क्रीन डोळ्यांपासून लांब धरून वाचली, टोपी घातली आणि पोरगा पुन्हा खेळायला उभा राहिला.

मला हसू आलं ते वेगळ्याच कारणाने. त्या म्हाताऱ्याने रग्बी कधी पाहिलेली नसणार. पण वर्ल्ड रग्बीचा आठवा नियम त्याने एका वाक्यात सांगितला होता.

हा नियम मला ठाऊक असण्याचं कारण माझा भाचा. बहीण आयर्लंडात कॉर्कला असते. तिचा अकरा वर्षांचा मुलगा दर रविवारी चिखलात लोळून येतो, त्याला ते लोक खेळ म्हणतात. व्हिडिओ कॉलवर त्याने मला तो लंबगोल चेंडू दाखवला, आपल्या खिरणीसारखा, फक्त भोपळ्याएवढा. चेंडू हातात घेऊन पुढे पळायचं, पण द्यायचा मात्र मागच्याला. पुढे फेकला की दोष. बाकी मला ते कबड्डी आणि बैलपोळ्याच्या गर्दीचं मिश्रण वाटतं. पण कोण कुणाकडून खेळू शकतो, हा त्यातला भाग सुरू झाला की आपण खानदेशातली माणसं लगेच सरसावून बसतो. तो आपल्या सवयीचा विषय आहे.

नियम असा. ज्या देशाकडून खेळायचं तिथे तुमचा जन्म हवा. नाहीतर आईवडिलांपैकी किंवा चार आजीआजोबांपैकी एकाचा तरी जन्म तिथला हवा. तेही नसेल तर तुम्ही तिथे राहून खेळलेलं हवं. राहण्याची मुदत आधी सलग ३६ महिने होती. तीन वर्षांत परदेशी गडी आणून, रुळवून, जर्सी घालायची असा धंदाच झाला, तेव्हा २०१७ साली ती ६० महिने करण्याचं ठरलं. पासपोर्टबद्दल हा नियम अवाक्षर काढत नाही. आजी कुठे जन्मली ते सांगा, बस.

ही तीन कलमं हाती आल्यावर मी रिकामटेकडेपणाने खानदेशचा संघ निवडायला बसलो. बहिणाबाई पहिल्या कलमात : जन्म असोद्याचा, संसार जळगावचा, वाद नाही. स्मिता पाटील दुसऱ्या कलमातून : जन्म पुण्याचा, पण वडील शिरपूरचे, आणि शिरपूरचा माणूस तिला पुण्याची म्हणू देईल असं वाटत नाही. साने गुरुजींचा जन्म कोकणातला, पालगडचा. त्यांना आणायचं तर तिसरंच कलम. १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक. जुन्या ३६ महिन्यांतही बसतात आणि नव्या ६० महिन्यांतही. इतिहासाचार्य राजवाडे वरसईचे, तेही कोकणातले. पण १९२६ साली देह ठेवला धुळ्यात आणि त्यांची दफ्तरं आजही धुळ्यातच आहेत. त्यांना संघात घ्यायला कुणी हरकत घेतली तर मी भांडेन. उलट बाजूने पाहिलं तर आमचेही गडी गेलेले आहेत. सी. आर. पाटील जन्माने जळगाव जिल्ह्याचे. गुजरातेत भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले, नवसारीतून निवडून जाऊन केंद्रात मंत्री झाले. रग्बीच्या भाषेत, ते गुजरातकडून ‘कॅप्चर’ झाले. एकदा थोरल्या संघाकडून मैदानात उतरलात की तुम्ही त्या देशाचे, असा त्या शब्दाचा अर्थ.

कॅप्चरची ही गाठ आता थोडी सैल झाली आहे. २०२२च्या १ जानेवारीपासून तीन वर्षं आंतरराष्ट्रीय खेळापासून दूर राहिलं, तर आयुष्यात एकदाच जन्माच्या किंवा आईवडील-आजीआजोबांच्या देशाकडे जाता येतं. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडून खेळलेले कितीतरी जण त्या वाटेने टोंगा-सामोआकडे परतले. आता हे दोन चिमुकले देश जग जिंकणार, असं लोक बोलू लागले. २०२३च्या वर्ल्ड कपमध्ये दोघांनीही एकेकच सामना जिंकला. सामोआने इंग्लंडला मात्र घाम फोडला. १८-१७, एका गुणाने हरले. संघ म्हणजे सातबारा नव्हे, वारसांची नावं चढवली की क्षेत्र वाढत नाही. गडी परतले, पण एकत्र सराव करायला वेळ आणि पैसा लागतो, तो कुठल्या आजीच्या दाखल्यावर मिळणार?

मला या सगळ्यात सर्वांत जवळचा वाटतो तो डेव्ह हिल्टन. प्रॉप, म्हणजे स्क्रममध्ये मान घालून भार घेणारा. बैलगाडीत जुवाजवळ चालणाऱ्यासारखा. जन्म ब्रिस्टलचा, म्हणजे इंग्लंडातला. पण घरात लहानपणापासून ऐकलेलं की आजोबा स्कॉटलंडचे, एडिंबराचे. त्या आधारावर तो स्कॉटलंडकडून ४१ सामने खेळला. २००० साली पत्रकारांनी वेल्सच्या दोन खेळाडूंचे आजोबा तपासायला घेतले. त्यातला शेन हॉवर्थ आधी न्यूझीलंडकडून चार कसोट्या खेळलेला होता. त्या धुरळ्यात हिल्टनच्या आजोबांचा जन्मदाखलाही निघाला. आजोबा ब्रिस्टलचेच. तिकडच्या वर्तमानपत्रांनी या प्रकरणाला ‘ग्रॅनीगेट’ म्हटलं, आजीचा घोटाळा. खरं तर बिचाऱ्या आज्या नव्हत्याच त्यात, सगळे आजोबा होते.

घरात सांगितलेली गोष्ट खोटी निघाल्यावर माणसाला कसं होत असेल? ४१ वेळा ज्या गाण्याला उभं राहून डोळे भरून आले, ते गाणं आपलं नव्हतं असं एक कारकून सांगतो. हिल्टनने पुढे काय केलं तर तो तिथेच राहिला, मुदत भरली आणि २००२ साली राहण्याच्या कलमातून पुन्हा स्कॉटलंडकडून उतरला. बेचाळिसावा सामना. आजोबांच्या नावावर ४१, स्वतःच्या नावावर एक. मला तो एक मोठा वाटतो.

हिल्टनची गोष्ट मला जिव्हारी लागण्याचं कारण आमच्याही आजोबांचा कागद एकदा असाच उलटला. पुतणीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला जात वैधता हवी होती. खानदेशात ज्यांच्या घरी हे झालं नाही असं घर शोधावं लागेल. आमच्या प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०चा, आणि तिथली हालत विचारू नका. आजोबांचा शाळेचा दाखला म्हणजे सोनंच. मी गावच्या शाळेत गेलो. कपाटाची किल्ली एका शिक्षकाकडे, शिक्षक निवडणुकीच्या कामावर. चौथ्या खेपेला दाखल-खारीज रजिस्टर निघालं. कापडी पुठ्ठा, पानांच्या कडा उंदरांनी कुरतडून झालर केलेल्या, मोडी वळणाचा हात, शाई तपकिरी पडलेली. बोट ओळीवरून सरकवत गेलो तर आजोबा सापडले. जन्म १९२१. जात लिहिलेली. बापाचा धंदा शेती. आणि जन्मस्थळाच्या रकान्यात आमचं गाव नव्हतंच. निझरच्या बाजूचं एक गाव होतं.

कागद दाखल केल्यावर त्रुटी निघाली. जन्मस्थळ परराज्यात. निझर आज गुजरातेत आहे. कारकुनाचं म्हणणं, तुमचे आजोबा गुजराती.

मी घरी येऊन मोठ्या काकूला विचारलं. ती भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही. “अरे, पहिलं बाळंतपण माहेरीच होतं ना. तुझ्या पणजीचं माहेर ते.” बाजूला पडलेल्या पिठावरून तिने हात फिरवला. संपलं.

वर्ल्ड रग्बीने हा नियम आयर्लंडात बसून केला, माहेराचा विचार केला नसणार. खानदेशातला पहिलटकरणीचा पोरगा मुळी आपल्या गावात जन्मतच नाही. आईच्या गावी जन्मतो, सव्वा-दीड महिन्याने दुपट्यात गुंडाळून बापाच्या गावी येतो. माझी बहीण जन्मली जळगावला, आम्ही धुळ्याचे. आपल्याकडे कुणी “तू कोठला शे?” असं विचारतो, तेव्हा त्याला कुठल्या दवाखान्यात जन्मलास ते नको असतं. शेत कुठे, भाऊबंद कुठे, देव कुठे, हे हवं असतं. सेमीफायनलच्या त्या पोराचं सगळं आयुष्य लिंबायतला गेलं तरी “कोठला?” म्हटल्यावर तो या गावचं नाव घेतो. कागदावर मात्र ‘गाव’ असा रकानाच नसतो.

आणि त्या १९२१ साली निझर काही परराज्य नव्हतं. सगळा मुंबई इलाखा होता, त्यातला पश्चिम खानदेश. त्याआधी १९०६ सालापर्यंत तर पूर्व-पश्चिमही नव्हतं, जळगाव-धुळे मिळून एकच खानदेश जिल्हा आणि त्याचं ठाणं धुळ्याला. (जळगावकरांना ही आठवण करून दिली की ते लगेच भरिताचा विषय काढतात.) १९६० साली राज्यं झाली, पश्चिम खानदेशातली काही गावं गुजरातेत गेली. १९९८ साली नंदुरबार निघालं. आजोबा हलले नाहीत, रेघा हलल्या. नवापूरचं स्टेशन पाहा : सुरत-भुसावळ लाइनवरचं ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. प्लॅटफॉर्मवरच्या एका बाकावरही मधोमध हद्द रंगवली आहे. उद्या त्या बाकावर एखादी बाई बाळंत झाली तर पोराने कुणाकडून खेळायचं?

हे मी भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मामा, मग एकच टीम करायची.” अकरा वर्षांच्या पोराला हे सोपं वाटतं, कारण तो राहतो तिथे तसंच केलंय. आमच्या आजोबांच्या जन्माच्याच साली, १९२१ला, आयर्लंडची फाळणी झाली. पुढे तिथे मुडदे पडले, भिंती उभ्या राहिल्या. पण रग्बीचा संघ त्यांनी फोडला नाही. अल्स्टरचे सहा परगणे ब्रिटिश राज्यात, तीन प्रजासत्ताकात, आणि संघात सगळे एका हिरव्या जर्सीत. अडचण राष्ट्रगीताची. म्हणून १९९५च्या वर्ल्ड कपसाठी फिल कूल्टर नावाच्या संगीतकाराकडून एक तिसरंच गाणं करून घेतलं. दोन्हीकडच्यांना ते थोडं थोडं आवडत नाही, म्हणून चालतं. अहिराणी बोलणाऱ्यांचा असा संघ करायचा म्हटला तर बागलाण-मालेगावपासून सुरतेच्या चाळींपर्यंत गडी गोळा करावे लागतील.

सुरतेवरून आठवला पोर्तुगाल. आपल्याकडच्या लोकांनी पोट भरायला सुरत धरली, तसं पोर्तुगालच्या लोकांनी फ्रान्स धरलं. त्यांची पोरं तिथेच जन्मली, तिथेच रग्बी शिकली. सामुएल मार्केझ त्यांतलाच. २०२३च्या वर्ल्ड कपला खरं म्हणजे स्पेन जाणार होता. पण दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या एका खेळाडूने किती महिने देशाबाहेर काढले ते झाकायला त्याच्या पासपोर्टच्या प्रतीत फेरफार केलेला निघाला. झेरॉक्सवरची करामत, आपल्याला नवी नाही. स्पेनचे गुण कापले, स्पेन घरी. रांगेतले खालचे वर सरकले. पोर्तुगालने शेवटच्या पात्रता फेरीत अमेरिकेशी १६-१६ बरोबरी साधली, मार्केझच्या अगदी शेवटच्या किकवर. मग वर्ल्ड कपमध्ये शेवटच्या सामन्यात फिजीला २४-२३ हरवलं. रॉड्रिगो मार्टाने शेवटच्या मिनिटांत ट्राय केला आणि त्यावरचे दोन गुण मारले ते मार्केझने. वर्ल्ड कपमधला पोर्तुगालचा पहिला विजय. कागद, झेरॉक्स, आजोबा, सगळं झाल्यावर अखेर एका माणसाला चेंडू दोन खांबांमधून मारावा लागतो. तिथे कुणी दाखला बघत नाही.

क्रिकेटवाल्यांना हे वेगळं समजवायला नको. २०२४-२५ची रणजी विदर्भाने जिंकली, फायनलमध्ये शतक ठोकलं कर्नाटकच्या करुण नायरने. समोर केरळ, आणि केरळकडून गोलंदाजी करत होता नागपूरचा आदित्य सरवटे. तेही नागपुरातच, जामठ्याला. मुक्ताईनगरचा पोरगा महाराष्ट्राकडून खेळणार आणि पलीकडच्या मलकापूरचा विदर्भाकडून, हे आम्ही लहानपणापासून पाहतो. त्यात कुणाचं रक्त उसळत नाही.

आपल्या देशाची गंमत निराळी. जगाच्या रग्बीत आजी पुरते, भारताला आजी चालत नाही. २००८ साली क्रीडा खात्याने ठरवलं, भारताकडून खेळायचं तर भारतीय नागरिकत्व हवं. परदेशस्थ भारतीयांचं ओसीआय कार्ड त्याला उपयोगाचं नाही. दुहेरी नागरिकत्व आपण देत नाही. म्हणजे माझा भाचा उद्या मोठा झाला तर वर्ल्ड रग्बीच्या लेखी आईच्या जन्मावरून भारताचा. आणि भारताच्या लेखी, आयरिश पासपोर्ट टाकल्याशिवाय, कुणीच नाही. फुटबॉलमध्ये रायन विल्यम्सने ते केलं. पर्थचा जन्म, आई मुंबईत जन्मलेली, आजोबा संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. त्याने २०२५ साली ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. या धोरणावर माझं मत ठाम नाही. बाहेरून तयार गडी आणले की इथल्या पोरीपोरांना कोण विचारणार, हा मुद्दा मला पटतो. २०१९ साली मनिलात भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ हरवलं, पंधरा जणींच्या रग्बीतला आपला पहिला विजय. कॅप्टन पुण्याची वाहबिज भरुचा, आणि शेवटी शेवटी पेनल्टी मारून सामना फिरवला तो ओडिशाच्या सुमित्रा नायकने. त्यांना कुणी आजी विचारली नव्हती. पण मग कॉर्कच्या चिखलात लोळणारं ते पोर माझ्या डोळ्यासमोर येतं आणि ठामपणा जरा ढिला पडतो.

जळगावच्या सराफ्यात एका ओळखीच्या पेढीवर मी हे सांगत बसलो होतो. म्हटलं, इंग्लंड-स्कॉटलंड ज्या चषकासाठी खेळतात तो कलकत्ता कप. कलकत्त्यात गोऱ्यांचा एक रग्बी क्लब होता, १८७०च्या दशकातला. बारमधली फुकटची दारू बंद झाली तसे मेंबर गळाले, क्लब मोडला. बँकेत २७० रुपये शिल्लक होते. चांदीचे रुपये, ते काढले, वितळवले, तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला चषक घडवला आणि विलायतेला पाठवून दिला. शेठजींनी कॅल्क्युलेटर ओढला. “रुपया म्हणजे तोळा. दोनशे सत्तर तोळे. बट्टा धरून...” आणि आजच्या भावाने आकडा काढला. मग विचारलं, “खेळायला कधी आला का इकडे?” सामने एडिंबरा नाहीतर लंडनला. “म्हणजे माल आपला, नाव त्यांचं,” म्हणून त्यांनी गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं.

पुतणीची वैधता शेवटी आली. कोतवाल बुकातली एक नोंद आणि कुळाचा एक जुना कागद जोडल्यावर आजोबा पुन्हा महाराष्ट्राचे झाले. भाच्याला मी रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो पाठवला. त्याला मोडी वळण वाचता येत नाही. त्याने उंदराने खाल्लेल्या कडेवर बोट ठेवून विचारलं, हे कुणी केलं?

त्या सेमीफायनलचं सांगायचं राहिलं. उतारा निघाला, पोरगा पुन्हा उभा राहिला आणि तिसऱ्याच चेंडूला सरळ हातात देऊन आला. यजमान गाव चार धावांनी हरलं. निंबाखालचा म्हातारा पोरावर नाही, मास्तरांवर चिडला; म्हणे मध्ये अर्धा तास थांबवलं, हात गार पडला त्याचा. संध्याकाळी वडापावच्या गाडीपाशी तो पोरगा उभा होता, कडं मनगटावर वरखाली करत. ज्याने आधार मागितलं होतं तो पाहुण्यांचा कॅप्टन त्याच्याजवळ आला, दोन वडापावचे पैसे दिले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “पुढली आखाजीले आम्हनामा खेळजो. तुन्ही माय आम्हना गावनी शे ना!”